आगाऊ उपकारस्तुती

शमुवेलदादा,

तुझ्या कबरेजवळ मंडळीच्या वतीने उभं राहून एलियाकाका म्हणाले, "आपल्या या भावाच्या ओठांवर शेवटपर्यंत एकही तक्रार आली नाही." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मीही म्हटलं, सवयीने. आणि पुढच्याच क्षणी मला इतका राग आला की हातातली माती मी खड्ड्यात टाकली नाही, फेकली. रूथवहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं.

तू तक्रार केली नाहीस? तू? हेब्बाळच्या उड्डाणपुलावर गाडी अडकली तेव्हा आभाळाकडे बघून "आता हा ट्रॅफिकपण तूच पाठवलास का?" असं विचारणारा तू? हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये डॅशबोर्डवर कपाळ टेकून "मला मरायचं नाही, तुला ऐकू येत नाही का?" असं तू देवाला ओरडून विचारलंस, तेव्हा वॉचमन काठी घेऊन धावत आला होता. त्याला वाटलं मी तुला मारतोय. तुझी तक्रार मी ऐकली आहे, दादा. तुझ्या तोंडून ऐकलेली ती सगळ्यात खरी प्रार्थना होती. ती पुसून टाकून त्यांनी त्या खड्ड्यात एक हसरा, गप्प, गुळगुळीत माणूस पुरला. मी त्या माणसाला ओळखत नाही. म्हणून हे लिहितोय.

पहिली दोन वर्षं मी तुला "तुम्ही" म्हणायचो, आठवतं? तू वयाने मोठा, पेटी वाजवणारा, पीण्या वसाहतीतल्या कारखान्यात आयुष्य काढलेला, आणि मी पुण्याहून नुकता मारतहळ्ळीत आलेलो, कुणाला काय म्हणावं हे न कळणारा. एकदा उपासना संपल्यावर तू पेटीचा भाता बांधत म्हणालास, "काय रे, देवाला तू म्हणतोस आणि मला तुम्ही? मला बढती कधी मिळाली?" त्या दिवसापासून तू.

आपली मंडळी ती केवढीशी. एका कन्नड चर्चचा मागचा हॉल, रविवारी दुपारी त्यांचं सगळं आटोपल्यावर आपल्याला मिळतो. नगरकडचे, जालन्याकडचे, सोलापूरचे, नोकरीसाठी इथे आलेले लोक. आठवडाभर कन्नड, हिंदी, इंग्रजीत जगायचं आणि दोन तास मराठीत रडायचं, अशी माझी कल्पना होती. पण रडायला तिथे जागाच नव्हती. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहायचं ते संकट संपल्यावर. नोकरी गेली होती, लागली. ताप होता, उतरला. प्रत्येक साक्ष "आणि प्रभूने केलं" इथे येऊन थांबायची. ज्याच्यासाठी प्रभूने अजून काही केलेलं नाही, तो बसून राहायचा आणि इतरांसाठी हालेलुया म्हणायचा.

आणि मग ती उपकारस्तुती.

एरवी आपल्यात उपकारस्तुती म्हणजे घरी मंडळीला बोलावून गाणी, प्रार्थना आणि जेवण. देवाने दिलं म्हणून आभार. एलियाकाकांनी ती उलटी केली. त्यांचा नातू वेळेआधी जन्मला, काचेच्या पेटीत होता, तेव्हा काकांनी घरी सगळ्यांना जेवू घातलं आणि बाळ बरं झाल्याबद्दल आभार मानले. बाळ वाचलं. तेव्हापासून मंडळीत ही पद्धतच पडली. आधी आभार माना, देव मागून करतो. तुझ्या पोटातली गाठ काढल्यावर, तपासण्यांचे रिपोर्ट यायच्या आधीच, काका म्हणाले, "शमुवेलची उपकारस्तुती करू. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी प्रभूने काय केलं? दगड बाजूला केला आणि आधी पित्याचे आभार मानले. लाजर नंतर जिवंत बाहेर आला. आधी आभार!"

तू म्हणालास, "काका, त्याच्या आधी तो रडला. आपण पण तेवढं उरकून घेऊ का?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. आम्हाला वाटलं, दादा नेहमीसारखी मस्करी करतोय.

तू मस्करी करत नव्हतास.

तुला तयार केलं ते मी. मंडळीचा चिटणीस मी, मेसेज मी पाठवला, मटण मी सांगितलं, शिऱ्यासारख्या त्या केसरीबातात तूप जरा जास्त घाला हेही मीच सांगितलं. तू मला जिन्यात गाठून म्हणालास, "मला नको वाटतंय रे हे." मी म्हणालो, "दादा, लोकांना धीर येईल." "आजारी मी आणि धीर लोकांना," म्हणालास. मग तुझं ते नेहमीचं, इथल्या कारखान्यात उचललेलं, "सरी, बिडप्पा." म्हणजे, ठीक आहे, सोड.

तू किती सहज सोडायचास. याचाही मला राग आहे.

त्या संध्याकाळी तू नवा शर्ट घातला होतास. गळ्यापाशी तो इतका सैल होता की वहिनींनी आतून टाचणी लावली होती. तू गायलास. तू सगळ्यांना वाढलंस. काकांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की आजार गेला. लोकांनी तुझ्याबरोबर फोटो काढले. पुढच्या आठवड्यात रिपोर्ट आला. गाठ एकच नव्हती.

आता सांग, त्यानंतर तू काय करायचं होतंस? ज्याच्या बरं होण्याचं जेवण मंडळी जेवून गेली, त्याने आजारी कसं असायचं? तू दुखतंय म्हणालास तर देव खोटा पडणार, काका खोटे पडणार, तो केसरीबात खोटा पडणार. तुझ्या एका कण्हण्यावर सगळ्यांचा विश्वास आम्ही टांगून ठेवला. ही क्रूरता आहे. मी हा शब्द जपून वापरतो आहे आणि स्वतःला त्यातून वगळत नाही.

तरी तू प्रयत्न केलास. रिपोर्टनंतरच्या रविवारी साक्षीच्या वेळी पेटीवरून उठून तू पुढे आलास. "मंडळींनो," म्हणालास, "माझ्याकडे आज एक साक्ष आहे, पण तिला शेवट नाही. ती उपकारस्तुती झाली ना, त्यानंतर..." मला माहीत होतं तू काय सांगणार. आदल्या रात्री तू मला फोन केला होतास. मला एलियाकाकांचा चेहरा दिसला. पुढच्या रांगेतली पोरं दिसली. आणि मी बसल्या जागेवरून गाणं सुरू केलं. मोठ्याने. लोकांनी लगेच उचललं. लोक उचलतातच.

मग वळलास, पेटीपाशी गेलास, माझा चुकलेला सूर शोधलास आणि साथ दिलीस. तुला गप्प करणाऱ्या गाण्याला तूच साथ दिलीस, दादा.

पुढच्या बुधवारी तुला केमोसाठी घेऊन जाताना मी गाडीत माफी मागितली. तू म्हणालास, "सूर फार वर लावलास रे. बायकांना झेपेना." मी म्हणालो, "दादा, चेष्टा करू नकोस, मला शिव्या दे." तू म्हणालास, "देतो. आधी सलाईन लागू दे, बसल्या बसल्या देतो." दिल्या नाहीस. द्यायला हव्या होत्यास. आज त्या शिव्या माझ्याजवळ असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पण त्याच बुधवारी तू तो नियम घातलास. पार्किंगमध्ये उतरण्याआधी प्रार्थना करू असं मी म्हणालो आणि लगेच सुरुवात केली, "हे प्रभू, आम्ही तुझे आभार मानतो." तू माझ्या मांडीवर चापट मारलीस. "थांब, थांब. स्वल्प थांब. आधी खरं, मग आमेन. दोघांनी एकेक खरी गोष्ट सांगायची. वाईट असली तरी चालेल. वाईटच असेल."

"तू सांग आधी," मी म्हणालो.

"मला भीती वाटते," तू म्हणालास. "मरणाची नाही, त्या आधीची. आता तू."

मी तुला रोहनचं सांगितलं. माझा मुलगा दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही, हे मंडळीत कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना मी सांगत होतो, तो फार कामात असतो. घर सोडताना तो काय म्हणाला आणि त्याच्या आधी मी काय म्हणालो, ते सगळं तू ऐकलंस. तू सल्ला दिला नाहीस, वचन दिलं नाहीस, विश्वास ठेव म्हणाला नाहीस. "बरं," म्हणालास, "हे झालं खरं. आता आमेन." दोघांनी आमेन म्हटलं आणि आपण वर गेलो. रोहन गेल्यापासून माझ्या तोंडून निघालेला पहिला आमेन होता तो, ज्याची मला लाज वाटली नाही.

मग दर बुधवारी ओकारीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला तू मला आधी विचारायचास, "रोहनचा फोन?"

"नाही."

"सरी. वाट बघू."

येईल म्हणाला नाहीस. एकदाही नाही. वाट बघू म्हणायचास, जणू माझा मुलगा तुझ्याही घरातून निघून गेला होता. आणि मी तुझे रिपोर्ट वाचायचो आणि बरा होशील म्हणायचो नाही. दोन माणसं एका जुन्या गाडीत बसून काहीच चांगलं नसताना एकमेकांना कशी उभी करू शकतात, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. वर जाताना तू माझा दंड धरायचास. वॉचमनला वाटायचं, मी तुला आधार देतोय.

मी मंडळी सोडतो म्हणालो, ते भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणत होतो, जिथे माणसाला दुखतंय म्हणता येत नाही, तिथे कशाला जायचं? तू म्हणालास, "जाऊन रडशील कुठे?"

"इथे तरी कुठे रडतोय?"

"म्हणून तर जायचं नाही. जागा करायची आहे."

"आणि एलियाकाका?"

"ते घाबरलेत रे. नातू वाचला ना त्यांचा. त्या आभारांमुळे वाचला नसला तर काय, ही भीती आहे त्यांना. घाबरलेल्या माणसाला टाकून जायचं नसतं."

"म्हणून तू मरतानाही हसायचं?" मी ओरडलो.

तू खिडकीबाहेर बघत बसलास. मला अजून उत्तर हवं आहे.

कारण शेवटच्या महिन्यात मी काय पाहिलं, ते तुला सांगायचं राहिलं. मंडळीतले लोक भेटायला यायचे, आणि फाटकाची कडी वाजली की वहिनी तुझं घमेलं उचलून पडद्यामागे ठेवायच्या. औषधाच्या पट्ट्या उशीखाली. तुझ्या डोक्यावर टोपी. मग दार उघडायचं. तू हसायचास, ते गायचे, आणि ते गेल्यावर पडदा सारून घमेलं परत. तुझ्या स्वतःच्या घरात, दादा! ख्रिस्ताच्या नावाने जमलेल्या माणसांपासून ओकारी लपवायची! एक बाई तर स्वयंपाकघरात वहिनींना म्हणाल्या, "कुठेतरी विश्वासाला भेग असेल, शोधून बघा." वहिनी चहा गाळत होत्या. गाळत राहिल्या. मी दारात उभा होतो आणि मीही काही बोललो नाही.

आज बोलतो. भेग होती. दोघांच्या विश्वासाला होती, तुझ्या आणि माझ्या, आणि त्या भेगेतूनच आपण देवाला हाका मारत होतो. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. तुझ्या कबरेवर माती टाकून तो कमी झालेला नाही, आता माझ्याजवळ दुसरं काही उरलेलंच नाही. पण ज्याने लाजराला हाक मारली, त्याला पुढे काय होणार हे ठाऊक होतं. आगाऊ आनंद करायचा हक्क कुणाला असेल तर त्यालाच होता. आणि तो रडला. मित्राच्या बहिणींना त्याने गप्प केलं नाही. त्या दोघींनी त्याच्या तोंडावर सांगितलं की तू वेळेवर आला असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने ती तक्रार ऐकून घेतली. त्याने गाणं सुरू केलं नाही.

मातीहून परतल्यावर हॉलवर चहा होता. प्रिया माझ्याकडे आली. एचएसआर लेआउटमधली. "गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली अमितची बायको ना ती?" असं तू विचारायचास आणि मी सांगायचो, चार वर्षं झाली दादा. तीच. दोन वेळा तिचं पोट पडलं. आता पुन्हा दिवस आहेत, आणि डॉक्टरांनी तिला जमेल तेवढं पडून राहायला सांगितलंय.

"काका," ती म्हणाली, "एलियाकाकांनी अमितला विचारलंय. येत्या शनिवारी उपकारस्तुती. बाळ सुखरूप झाल्याची. केसरीबातचं तुम्ही सांगणार म्हणे."

"तुला काय वाटतं?"

"मी अजून झबलं घेतलेलं नाही, काका. मागे दोनदा घेतलं होतं." मग तिने विचारलं, "नाही म्हटलं तर तो अविश्वास होतो का?"

आणि मी, तुझा मित्र, बुधवारचा सोबती, म्हणालो, "चहा घे, गार होतोय."

त्या रात्री झोप लागली नाही, हे सांगायला नकोच.

रविवारी पेटीवर कापड टाकलेलं होतं. वहिनी पांढऱ्या साडीत दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. काकांनी साक्षीची वेळ जाहीर केली आणि मी उठलो.

"माझा मुलगा रोहन दोन वर्षं माझ्याशी बोललेला नाही," मी म्हणालो. "तो कामात असतो, हे मी तुम्हाला खोटं सांगितलं. चूक माझी होती. दर आठवड्याला शमुवेलदादा त्याच्या फोनचं विचारायचा. फोन आलेला नाही."

काकांनी मला हात दिल्यासारखं म्हटलं, "आणि प्रभूने..."

"अजून नाही, काका."

"पण विश्वासाने..."

"विश्वासानेच सांगतोय. नाहीतर सांगितलं नसतं." मग मी तुझं सांगितलं. "त्या रविवारी दादा इथे उभा होता. आजार गेलेला नाही आणि मला भीती वाटते, एवढंच त्याला सांगायचं होतं. मी गाणं सुरू करून त्याला बसवलं. तो तक्रार करत होता, काका. माझ्यापाशी करत होता, देवापाशी करत होता. इथे करता आली नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. काहीतरी तिखट बोलणार होते. पण मागून प्रियाचा आवाज आला. ती उभी राहिली होती, जे तिने करायला नको होतं. "मलापण," ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलता येईना. ती रडायला लागली, मोठ्याने, लहान मुलासारखी.

तुला आपला हॉल माहीत आहे. असं काही झालं की लोक कुठे बघतात तेही माहीत आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. काकांनीसुद्धा. कुणीतरी गाणं सुरू करावं, आणि असल्या वेळी ते मीच करतो. एक ओळ माझ्या घशापर्यंत आली होती, खरं सांगतो. मी ओठ दाबून धरले. पंख्याचा आवाज येत होता, प्रियाचा येत होता. मग रूथवहिनी उठल्या, मागे गेल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. तिला थोपटलं नाही, गप्प हो म्हणाल्या नाहीत. त्याही रडल्या. पडद्यामागे घमेलं लपवून ठेवलं होतं, तेव्हापासूनचं सगळं रडल्या.

उपासना संपल्यावर काका माझ्याशी बोलले नाहीत. फाटकाबाहेर स्कूटरपाशी हेल्मेट घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "शनिवारचं जेवण सांगू नकोस."

"मग?"

"मग काय मग? जाऊन बसू तिच्याकडे. बसता तर येतं ना आपल्याला?" त्यांना हेल्मेटचा पट्टा लागेना. मी लावून दिला. तू म्हणालास तसं, घाबरलेले दिसले.

मला अजून त्यांचा राग आहे. तुझाही आहे. आम्हाला इतकं जपलंस म्हणून, खिडकीबाहेर बघत बसलास म्हणून, शिव्या न देताच गेलास म्हणून. पण मंडळी सोडत नाही. त्या भांडणात तूच जिंकलास असं समज.

आज बुधवार. सवयीने गाडी काढली आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये येऊन बसलोय. वॉचमन काचेपाशी आला, शेजारची सीट रिकामी बघितली, त्याने विचारलं, "अण्णा बरलिल्लवा?" आले नाहीत का? मी नाही म्हणून मान हलवली. तो थोडा वेळ गाडीला टेकून उभा राहिला आणि मग गेला.

तर, दादा, माझी पाळी. रोहनचा फोन आलेला नाही. प्रियाचं काय होईल, कुणालाच माहीत नाही. तू नाहीस, आणि पुनरुत्थानाचा तो दिवस उजाडेपर्यंत असणार नाहीस, आणि मला हे अजिबात मान्य नाही.

हे झालं खरं.

आमेन.